लिनक्समध्ये फाइल कुठे असते आणि काय उडवलं तर चालतं?

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे अनेकांनी घरातला धडधाकट लॅपटॉप मोडीत न काढता त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकलं. लॅपटॉप चांगला चालू लागला, पण पाठोपाठ ठरलेले प्रश्नही आले. सी ड्राइव्ह कुठे आहे? पेनड्राइव्ह लावला तर तो ‘ई’ किंवा ‘एफ’ म्हणून का दिसत नाही? नवीन प्रोग्राम टाकला, तो गेला कुठे? डिस्क भरल्याचा इशारा आलाय, आता काय डिलीट करू?

उत्तरासाठी सगळी रचना पाठ करावी लागत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डर आणि प्रत्येक फाइल कोणाच्या तरी मालकीची असते. कुठेही गोंधळलात की आधी विचारा, हे कोणाचं आहे? तुमचं असेल तर हवं ते करा. पॅकेज मॅनेजरचं असेल, म्हणजे प्रोग्राम टाकणाऱ्या-काढणाऱ्या यंत्रणेचं, तर बदल तिच्याकडूनच करून घ्या. सिस्टिमचं असेल तर बघा, पण हात लावू नका.

एक सूचना. इथे पत्ते आणि आदेश देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, ते रोमन लिपीत आणि, वेगळं सांगितलं नसेल तर, लहान अक्षरांत टाइप करायचे. ‘यूएसआर’, ‘टीएमपी’ असं लिहिलं असेल तिथे तीच सुटी अक्षरं, जागा न सोडता.

ड्राइव्हची अक्षरं शोधू नका

लिनक्समध्ये सी, डी, ई असे वेगळे ड्राइव्ह नसतात. सगळ्या फाइली एकाच झाडात असतात आणि त्याचं मूळ म्हणजे नुसती तिरकी रेघ, ‘/’. दुसरी हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड, काहीही जोडलं तरी ते याच झाडातल्या एखाद्या फोल्डरवर येऊन बसतं. याला माउंट होणं म्हणतात.

उबंटू, मिंट आणि डेबियनमध्ये पेनड्राइव्हचा पत्ता ‘/मीडिया/युजरनेम/पेनड्राइव्हचं नाव’ असा असतो. फेडोरा आणि आर्चमध्ये सुरुवातीला ‘/रन’ जास्तीचं लागतं. पेनड्राइव्हला नाव दिलेलं नसेल तर त्या जागी आकडे-अक्षरांची एक ओळख दिसते. तो बिघाड नव्हे.

इथे एक सवय मात्र बदला. मोठा व्हिडिओ कॉपी करताना पट्टी पूर्ण भरलेली दिसते, पण त्यातला बराचसा भाग अजून रॅममध्येच असू शकतो आणि मागून पेनड्राइव्हवर उतरत असतो. म्हणून पेनड्राइव्ह कधीही ओढून काढू नका. ‘इजेक्ट’ दाबा आणि काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबा. लग्नाचे व्हिडिओ अर्धवट निघतात ते बहुतेक वेळा इथेच.

‘रूट’ या नावाने तीन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात, त्या आधीच वेगळ्या करून ठेवा. झाडाचं मूळ ‘/’ हे रूट. सर्वाधिकार असलेला युजर, त्याचंही नाव रूट. आणि त्या युजरचं स्वतःचं फोल्डर, ते ‘/रूट’. एखादा लेख ‘रूटमध्ये फाइल ठेवा’ म्हणत असेल तर तो यातल्या कशाबद्दल बोलतोय ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोणतं फोल्डर कोणाचं

ही मांडणी ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ नावाच्या मानकात लिहिलेली आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९४ मध्ये आली, ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये. त्यामुळे वितरण, म्हणजे उबंटू, मिंट, फेडोरा यांपैकी काहीही, बदललं तरी पुढची यादी बहुतांशी लागू पडते.

- /होम: यात प्रत्येक युजरचं एक फोल्डर असतं. त्यातलं तुमचं ते तुमचं. टर्मिनलमध्ये ‘~’ या खुणेचा अर्थ हेच फोल्डर.
- /यूएसआर: इन्स्टॉल झालेले प्रोग्राम आणि त्यांचं सामान. मालकी पॅकेज मॅनेजरची. यातलं ‘/यूएसआर/लोकल’ मात्र ॲडमिनने स्वतःहून टाकलेल्या गोष्टींसाठी राखीव आहे, अपडेट तिथे ढवळाढवळ करत नाहीत.
- /इटीसी: संपूर्ण मशीनच्या सेटिंग. बहुतेक साध्या मजकुराच्या फाइली, कोणत्याही एडिटरमध्ये वाचता येतात.
- /व्हार (व्ही, ए, आर): वापराबरोबर वाढत जाणारा माल, म्हणजे लॉग, डाउनलोड झालेली पॅकेज, डेटाबेस.
- /टीएमपी: तात्पुरतं. रीस्टार्टनंतर इथलं काही राहील असं धरू नका. डेबियन १३ मध्ये तर हे फोल्डर मूळ सेटिंगनुसार रॅममध्येच असतं.
- /ऑप्ट: बाहेरच्या कंपन्यांचे काही प्रोग्राम. गूगल क्रोम इथे बसतो.
- /बूट: मशीन सुरू करणाऱ्या फाइली. तुमचं काम नाही.
- /डेव्ह, /प्रॉक, /सिस: या दिसतात फाइली, पण डिस्कवर नसतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू मशीनची माहिती फाइलींच्या रूपात दाखवत असतो.

‘/एमएनटी’ आणि ‘/एसआरव्ही’ घरच्या मशीनवर बहुधा रिकामी असतात. असू द्या.

‘/बिन’, ‘/एसबिन’ आणि ‘/लिब’ यांच्या आयकॉनवर बाण दिसतो आणि आत ‘/यूएसआर’मधल्याच फाइली असतात. डुप्लिकेट समजून यातलं एक उडवायचा मोह अनेकांना होतो. तसं अजिबात करू नका. फेडोराने २०१२ मध्ये ही फोल्डरं ‘/यूएसआर’मध्ये विलीन केली. डेबियन १२ पासून तिथेही हीच रचना सक्तीची आहे. ‘/बिन’ आता फक्त दिशा दाखवणारी लिंक आहे. तिने वेगळी जागा अडवलेली नाही, पण ती गेली तर मशीन सुरू होणार नाही.

‘/टीएमपी’चा फटका कसा बसतो, तेही पाहा. मेलमध्ये आलेली अर्जाची फाइल तुम्ही सेव्ह न करता थेट उघडता, तासभर भरता, सेव्ह दाबता आणि मशीन बंद करता. अनेक मेल प्रोग्राम अशी थेट उघडलेली अटॅचमेंट ‘/टीएमपी’त ठेवतात. दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस नसतो. अटॅचमेंट आधी ‘डॉक्युमेंट्स’मध्ये सेव्ह करा, मग उघडा.

होम: इथे तुमचा शब्द चालतो

तुमचे लेख, फोटो, हिशेब, सगळं इथेच असावं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलंत की टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरंही दिसतील. ‘.कॉन्फिग’मध्ये तुमच्या ॲपच्या सेटिंग असतात, ‘.लोकल/शेअर’मध्ये त्यांचा डेटा आणि ‘.कॅश’मध्ये पुन्हा तयार होऊ शकणारा माल. बॅकअप घेताना पहिली दोन विसरू नका. मेल प्रोग्राम आणि ब्राउझर आपली प्रोफाइलं अशाच लपलेल्या फोल्डरांत ठेवतात. दिसणारी फोल्डरं तेवढी कॉपी केली तर जपून ठेवलेला पत्रव्यवहार आणि बुकमार्क मागे राहतात.

घरात एकाच लॅपटॉपवर तिघांची खाती असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. उबंटू २१.०४ पासून नव्याने तयार होणारी होम फोल्डरं इतर युजरांना उघडता येत नाहीत. त्याआधी ती वाचता येत असत. इन्स्टॉलेशन जुनं असेल आणि अपडेट करत इथवर आणलं असेल, तर जुनी मोकळीक तशीच राहिलेली असू शकते. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘परमिशन्स’मध्ये ‘अदर्स’समोर काय लिहिलंय ते बघा. तिथे ‘नन’ ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मराठी नावं ठेवताना

उबंटूची भाषा मराठी केलीत की पुढच्या लॉगिनला एक खिडकी विचारते: ठरावीक फोल्डरांची नावं नव्या भाषेत बदलायची का? हो म्हटलंत तर ‘डाउनलोड्स’, ‘डॉक्युमेंट्स’ वगैरेंना मराठी नावं मिळतात. दिसायला छान, पण आतल्या फाइली मात्र आपोआप नव्या फोल्डरात जात नाहीत. त्या जुन्या इंग्रजी नावाच्या फोल्डरातच राहतात आणि ‘माझ्या सगळ्या फाइली गेल्या’ अशी घबराट होते. टर्मिनल वापरणार असाल तर दर वेळी पत्ता टाइप करताना कीबोर्डही बदलावा लागतो. माझा सल्ला असा की मेनू खुशाल मराठीत ठेवा, फोल्डरांची नावं मात्र जुनीच राहू द्या. खिडकीत तसा पर्याय असतो.

फाइलींना मराठी नावं जरूर द्या, फक्त त्यांची लांबी सांभाळा. लिनक्सच्या नेहमीच्या ‘ईएक्सटी४’ फाइलसिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या: १० चिन्हं, ३० बाइट. म्हणजे संपूर्ण नावात जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजमध्ये मर्यादा चिन्हांवर असल्याने तिथे २५५ पर्यंत चालतं. त्यामुळे शासन निर्णयाचा अख्खा विषयच नाव म्हणून दिलेली पीडीएफ विंडोजमध्ये व्यवस्थित असते आणि लिनक्समध्ये कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडते. फाइल खराब नसते. पेनड्राइव्हवरच तिचं नाव छोटं करा आणि पुन्हा कॉपी करा.

उलट दिशेची अडचण वेगळी. लिनक्स नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन चालवून घेतो. विंडोज घेत नाही. ‘सभा १०:३०’ नावाची फाइल त्यामुळे विंडोजसाठी फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर जात नाही. रोमन नावांत लहान-मोठी अक्षरंही लिनक्स वेगळी धरतो. दोन नावांत तेवढाच फरक असेल तर लिनक्सच्या लेखी त्या दोन फाइली.

फॉन्टचा प्रश्न तर प्रत्येक मराठी वापरकर्त्याला पडतो. ‘मुक्ता’सारखा युनिकोड फॉन्ट फक्त स्वतःसाठी हवा असेल तर त्याची फाइल होममधल्या ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवा (फोल्डर नसेल तर करा) आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा. पासवर्ड लागत नाही. घरातल्या सगळ्या खात्यांना हवा असेल तर ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स’. ‘/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स’मध्ये टाकू नका, ती जागा पॅकेज मॅनेजरची.

‘परमिशन डिनाइड’ आलं तर

हा निरोप आला म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत आहात. बहुतेकांना यावर तडक ‘सुडो’ लावावंसं, म्हणजे आदेश रूट युजरच्या अधिकाराने चालवावासा वाटतो, आणि पुष्कळ मोठी नुकसानं तिथूनच सुरू होतात. आधी जागा बघा. होमच्या बाहेर असाल तर फाइल तिथेच ठेवायची खरंच गरज आहे का? बहुधा नसते.

होमच्या आत असूनही निरोप येत असेल तर ती फाइल बहुधा रूट युजरच्या नावावर गेलेली असते. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘ओपन ॲज रूट’ केलं की वर लाल पट्टी येते. त्या खिडकीत तयार केलेलं प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचं होतं आणि नंतर तुम्हालाच त्यात लिहिता येत नाही. मालकी परत घ्यायला सी-एच-ओ-डब्ल्यू-एन हा आदेश आहे: आधी ‘सुडो’, मग हा आदेश, मग ‘-आर’ (हा आर मोठा), तुमचं युजरनेम आणि शेवटी फोल्डरचा पत्ता. पत्ता तुमच्या होममधलाच आहे ना, हे एंटर दाबण्याआधी वाचा.

इंटरनेटवर याच अडचणीवर ‘७७७’ची, म्हणजे सगळ्यांना सगळं करू देणारी, परवानगी सरसकट द्यायचा सल्ला मिळतो. तो कधीही मानू नका. होममध्ये तसं केलंत तर तुमच्या फाइली सगळ्यांना बदलता येतात आणि दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून देणारा एसएसएच तुमची खासगी किल्ली वापरायलाच नकार देतो. ‘/’ पासून खाली केलंत तर खुद्द ‘सुडो’ला लागणारी विशेष परवानगी पुसली जाते. मग दुरुस्तीसाठीही ‘सुडो’ चालत नाही आणि बहुधा नव्याने इन्स्टॉल करावं लागतं.

डिस्क भरली: या क्रमाने जा

घाईत काहीही डिलीट करू नका. मशीनचा चित्रमय लॉगिनच होत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुराच्या स्क्रीनवर लॉगिन करा. ‘ईएक्सटी४’ मूळ सेटिंगनुसार ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवतो, म्हणून तुमच्यासाठी डिस्क भरली तरी दुरुस्तीपुरती जागा सहसा उरलेली असते. १ टीबीच्या डिस्कवर साधारण ५० जीबी कमी का दिसतात, त्याचंही उत्तर हेच.

1. टर्मिनलमध्ये ‘डीएफ -एच’ चालवा आणि ‘/’ची ओळ बघा. ‘लूप’ नावाच्या ओळी १०० टक्के दिसतील. ती स्नॅप पॅकेज आहेत आणि नेहमीच भरलेली दिसतात.
2. ‘डिस्क युसेज ॲनालायझर’ उघडा. कोणत्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते चित्रात दिसतं.
3. ट्रॅश रिकामा करा. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवरच्या ‘.ट्रॅश-१०००’सारख्या नावाच्या लपलेल्या फोल्डरात जातात. पेनड्राइव्ह रिकामा दिसूनही भरलेला का, हे कोडं इथे सुटतं. पेनड्राइव्ह लावलेला असताना ट्रॅश रिकामा केला की ती जागा मोकळी होते.
4. ‘सुडो एपीटी क्लीन’ने डाउनलोड झालेली पॅकेज जातात आणि ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ने नको असलेले जुने कर्नल. ‘/बूट’मधून हाताने काहीही काढू नका.
5. मिंट वापरत असाल तर ‘/टाइमशिफ्ट’ तपासा. टाइमशिफ्टचे जुने स्नॅपशॉट बरीच जागा खातात. ते टाइमशिफ्ट ॲपमधूनच काढा.
6. ॲप बंद करून होममधलं ‘.कॅश’ रिकामं केलं तर चालतं.

टाइमशिफ्टबद्दल एक गैरसमज फार महागात पडतो. तो सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतो. होममधल्या तुमच्या फाइली मूळ सेटिंगनुसार त्यातून वगळलेल्या असतात. टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून फोटोंचा बॅकअप आहे असं समजू नका. त्यासाठी वेगळी एक्सटर्नल डिस्कच हवी.

शोधाशोधीत ‘/प्रॉक’मध्ये ‘केकोर’ नावाची १०० टीबीहूनही मोठी फाइल दिसली तर दचकू नका. ती डिस्कवरची एक बाइटही घेत नाही.

‘/व्हार/लिब’ मोठं दिसलं तरी हाताने साफ करू नका. फ्लॅटपॅकची ॲप, डेटाबेस आणि पॅकेज मॅनेजरची स्वतःची नोंदवही तिथे असते. प्रोग्राम नको असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून काढा. फोल्डर डिलीट केलं की प्रोग्राम जातो, पण यंत्रणेच्या नोंदीत तो राहतो आणि पुढच्या अपडेटला चुका येऊ लागतात.

टर्मिनलमधून ‘आरएम’ने काढलेली फाइल ट्रॅशमध्ये जात नाही, कायमची जाते. २०११ मध्ये ‘बंबलबी’ या मुक्त प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’नंतर चुकून एक मोकळी जागा सुटली होती. काढायचं होतं खूप आतलं एक फोल्डर, पण जागा सुटल्याने वापरणाऱ्यांचं संपूर्ण ‘/यूएसआर’ पुसलं गेलं. पत्ता हाताने टाइप न करता टॅब दाबून पूर्ण करून घ्या, म्हणजे अशी जागा सुटत नाही.

जुन्या विंडोजच्या फाइली

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं असेल तर विंडोजचा भाग फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत दिसतो. उघडतो, पण त्यात लिहिता येत नाही, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि लिनक्स सावधगिरीने तो भाग फक्त वाचण्यापुरता उघडतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, किंवा ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये या. जबरदस्तीने माउंट करायचे उपाय सुचवले जातात, त्यात विंडोजचा न साठवलेला डेटा जाऊ शकतो. डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.

होमचं पार्टिशन वेगळं करावं का?

वेगळं केलं तर लिनक्स पुन्हा टाकताना फाइली जागेवर राहतात, हे खरं. पण २५६ जीबीच्या एसएसडीचे दोन तुकडे केलेत की काही महिन्यांनी एक तुडुंब आणि दुसरा अर्धा रिकामा अशी स्थिती येते, आणि नवख्याला ते नीट करणं अवघड जातं. म्हणून छोट्या एसएसडीवर एकच पार्टिशन ठेवा आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर मात्र दुसरीवर होम ठेवणं उत्तम. ते पार्टिशन एनटीएफएस असू नये, कारण लिनक्सच्या परवानग्या त्यावर नीट टिकत नाहीत.

‘सुडो’ नसेल तेव्हा

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर तुम्हाला ॲडमिनचे अधिकार नसतात. तरी होममध्ये बरंच करता येतं. फॉन्ट वर सांगितल्याप्रमाणे, स्वतःच्या स्क्रिप्ट ‘~/.लोकल/बिन’मध्ये आणि ॲपइमेज स्वरूपातले प्रोग्राम कुठेही ठेवून, फाइलला चालवण्याची परवानगी देऊन. संस्थेचे नियम मात्र आधी विचारून घ्या. होम तुमचं असलं तरी मशीन संस्थेचं असतं आणि ॲडमिनला तुमच्या फाइली वाचता येतात. खासगी कागदपत्रं तिथे ठेवू नका.

मॅक वापरणाऱ्यांना यातलं पुष्कळसं ओळखीचं वाटेल, कारण तीही युनिक्सचीच शाखा. तिथे ‘/होम’च्या जागी ‘/युजर्स’ असतं, पेनड्राइव्ह ‘/व्हॉल्यूम्स’मध्ये येतात आणि ॲप ‘/ॲप्लिकेशन्स’मध्ये. एखाद्या फोल्डरचं काम आठवेनासं झालं तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एम-ए-एन, मोकळी जागा आणि एच-आय-ई-आर असं टाइप करा. संपूर्ण मांडणी समोर येते. बाहेर पडायला क्यू दाबा.